सारं बेस, पन एक राह्यलं

खंडारे सर कुठेही गेले की आधी आडवे होतात.

हे मी अलंकारिक बोलत नाहीये. माणूस दारातून आत येतो, चपला काढतो, खांद्यावरची शबनम कुठेतरी अडकवतो आणि सरळ जमिनीवर उताणा पडतो. हात पोटावर, डोळे टक्क उघडे. मग घरचे लोक चहा ठेवू देत नाहीतर डॉक्टर बोलावू देत, त्यांना त्याचं काही नसतं.

आम्ही राजापेठेत वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला मी सगळ्या ऑफिसला बोलावलं. सगळं ऑफिस म्हणजे दोन माणसं. एक खंडारे सर आणि दुसरा दिगांबर, जो आमचा शिपाई होता आणि ड्रायव्हरही तोच. सर म्हणाले, "घरी विचारून सांगतो." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्न असो, बारसं असो, कुणाची साठी असो, "घरी विचारून सांगतो" असं ते म्हणाले की माणूस येणार नाही हे समजून घ्यायचं. दिगांबरने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, जेवाले या म्हनू नका त्यायले. काम सांगा, काम. मंग पाहा."

मी सरांना सांगितलं, गच्चीचं पाणी घरात झिरपेल का ते जरा बघायचं होतं. रविवारी भटजींच्या आधी सर दारात हजर.

हॉलमध्ये सतरंज्या अंथरलेल्या, पाहुणे बसलेले, माझ्या माहेरची माणसं पहिल्यांदाच घर बघत होती. सर त्यांच्यातून वाट काढत मधोमध आले आणि आडवे झाले. सासूबाई किंचाळल्या, "अवं माय! फेफरं आलं वाटते! कांदा आना कोनी!" कांदा सापडेना, म्हणून अचलपूरचे मामेसासरे स्वतःची चप्पल घेऊन धावले आणि त्यांनी ती सरांच्या नाकाशी धरली. सर हलले नाहीत. चपलेच्या कडेने छताकडे बघत शांतपणे म्हणाले, "ढाल दाराकडं हाय मॅडम. पानी शिरलं तं भायेर जाईन. बेस हाय. सारं बेस हाय." मग थोडं थांबून, "पन एक राह्यलं."

गच्चीच्या पाइपाच्या तोंडाला जाळी नव्हती. खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून त्यांनी ती स्वतः आणली, स्वतः बसवली, हात धुतले आणि पंगतीत येऊन बसले. "झालं काम. आता वाढा," म्हणाले. आणि मग असे मनापासून जेवले की सासूबाईंचा सगळा राग गेला. पुढे त्या पावसाळ्यात गच्ची तुंबून शेजारच्यांच्या घरात पाणी शिरलं, आमच्याकडे नाही. तेव्हापासून सासूबाई त्यांना 'झोपणारे साहेब' म्हणतात, पण आदराने.

आता हे साहेब कोण, ते सांगते. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही, मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. तर या विद्यापीठात मागे कुणा कुलगुरूंच्या डोक्यात आलं, की वऱ्हाडात डोंगर आहेत, जंगल आहे, लेणी आहेत, संत्र्याचे मळे आहेत. लोक शेतात तंबू ठोकून शहरातले पाहुणे बोलवायला लागलेत, कड्यावरून दोर लावून पोरांना उतरवायला लागलेत. तर या नव्या धंद्याला विद्यापीठाने हात द्यावा. झालं, 'मैदानी व साहसी पर्यटन उद्योग साहाय्य केंद्र' निघालं. नाव एवढं लांब की पेंटरला पाटी पुरली नाही आणि 'केंद्र' हा शब्द खालच्या ओळीत एकटाच येऊन बसला. खेळाच्या मैदानामागे, पंपहाऊसला लागून दोन खोल्या मिळाल्या. पंप सुरू असला की आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायचो. सर अकोल्याच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचे, त्यांना उचलून प्रमुख केलं. राहायचे मात्र ते अकोल्यालाच, रोज ये-जा करायचे. मी कॉमर्सची. धंदा म्हटला की कॉमर्सवाला पाहिजे, एवढ्या एका विचाराने मला तिथे नेमलं. मी जन्मात कधी तंबूत झोपले नव्हते, आणि खरं सांगायचं तर झोपायची इच्छाही नव्हती.

काम तसं चांगलं होतं. तंबू कुठे ठोकावा, दोर कधी टाकून द्यावा, पाहुण्याला साप दिसला तर आधी ओरडायचं कोणी आणि धावायचं कोणी, हे आम्ही लोकांना शिकवत होतो. मी आपली बिलं कशी करायची, जाहिरात कशी द्यायची हे सांगायची. आणि शेवटी सरांनी जागेवर जाऊन तपासणी करायची आणि पास झालेल्याला प्रमाणपत्र द्यायचं. सोनेरी काठाची प्रमाणपत्रं केंद्र सुरू झालं तेव्हाच गठ्ठ्याने छापून आणली होती. ती कपाटात होती. तिथेच राहिली. हळूहळू त्यांना कसर लागायला लागली, कारण सरांनी आजवर एकालाही पास केलं नव्हतं.

"उभ्या मानसाले जागा खोटं बोलते," सर म्हणायचे. "पाहुना येऊन इथं उभा राहनार हाय का झोपनार हाय? मंग झोपून पाहा ना बाप्पा."

पातूरच्या लेण्यांजवळ एकाने झकास तंबू लावले होते. रंगीत दिवे, झोपाळा, सगळं. सर आडवे झाले आणि विचारलं, "रात्री कुत्रे कोन्या आंगानं भुकतेत?" मालक म्हणाला, "सर, रातच्याले मी घरी जातो." "मंग पाहुना दचकला तं त्याले कोन सांगन, का हे आपलंच कुत्रं हाय म्हून?" नापास. चिखलदऱ्याला एकाने दरीच्या तोंडाशी प्लास्टिकच्या फुलांचा मोठा बदाम उभा केला होता, फोटो काढायला. सर त्या बदामाखाली जाऊन निजले. फोटो काढायला आलेलं एक नवं जोडपं रांगेत ताटकळत उभं. सर खालून म्हणाले, "डाव्या पायाचा नट ढिल्ला हाय. लग्न टिकन, पन हे नाही टिकत." तोही नापास.

मला नवल याचं वाटायचं की नापास झालेले लोक चिडत नसत. "सर, आता कवा येता?" असे त्यांचे फोन यायचे. सर पुन्हा जायचे. मागची चूक दुरुस्त झालेली असायची, सर खुश व्हायचे, सगळं बघायचे, आणि निघताना म्हणायचे, "सारं बेस हाय. पन एक राह्यलं."

दुसरी गोष्ट, हा माणूस कामाच्या दिवशी कधी तपासणीला गेला नाही. शनिवार, रविवार, दिवाळी, उन्हाळ्याच्या सुट्ट्या. मी म्हटलं, "सर, दिवाळीत कशाला? घरची माणसं काय म्हणत असतील?" तर म्हणाले, "आमी काई दिवाळी करत नाही मॅडम. तुमी करा. सुट्टी वाया काहून घालवाची?" हे बाकी खरंच होतं, त्यांच्या घरी बुद्धवंदना होते, दिवाळी नाही. सरांच्या दिवाळ्या बहुतेक शेंदूरजनाघाटला जायच्या, शोभाताईंकडे.

शोभाताई आणि नामदेवराव हे मध्यम वयाचं शेतकरी जोडपं. संत्र्याचा मळा, आणि मळ्याच्या कडेला, विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत त्यांनी पाहुण्यांसाठी तंबू लावलेले. नागपूरचे लोक यायचे, संत्री तोडायचे, फोटो काढायचे, जेवून जायचे. मी पहिल्यांदा सरांबरोबर तिथे गेले तेव्हा मला तर त्या जागेत काही म्हणता काही खोट दिसेना. तंबूचे तणावे ताणलेले, विहिरीवर जाळी, पाण्याच्या माठावर झाकण, झाडांच्या बुंध्यांना चुना. सर आडवे झाले, उठले, पुन्हा दुसऱ्या तंबूत आडवे झाले. मग गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आले, वांग्याची भाजी आली, वरून तुपाची धार. नामदेवराव आणि सर विहिरीच्या कठड्याशी बसून तासन्‌तास काही विशेष नाही असं काहीतरी बोलत राहिले. सर हसत होते. ऑफिसात मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. शोभाताई भाजी वाढताना दटावत होत्या, "घ्या ना जी सर, लाजता काहून? अकोल्याले कोन वाढनार हाय?" तेव्हा ते वाक्य माझ्या कानावरून गेलं.

निघताना सरांनी नेहमीचं सांगितलं. सारं बेस. पण एक राहिलं. संडासाच्या दाराच्या कडीचा एक स्क्रू नाही, कडी लोंबते. शोभाताईंनी कपाळावर हात मारला. "अवं बाई, राह्यलंच का? आता पुढच्या खेपेले पक्कं." त्यांना जराही वाईट वाटलेलं दिसलं नाही. जाताना पिशवीभर संत्री दिली.

पुढच्या खेपेला कडी दुरुस्त होती, तर माठाचं झाकण नव्हतं. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा कडी. मला वाटायचं, काय बाई आहे, एवढा मळा सांभाळते आणि हिला एक स्क्रू लावायचं लक्षात राहत नाही!

मग विद्यापीठातून पत्र आलं. मूल्यमापन समिती येणार, केंद्राची फलनिष्पत्ती दाखवा. हा फलनिष्पत्ती शब्द मी दिगांबरला समजावून सांगितला, तर तो म्हणाला, "म्हंजे झाडाले काई लागलं का थे पाहासाठी येऊन राह्यले." बरोबर तेच. आणि झाडाला काहीच लागलेलं नव्हतं. एकही प्रमाणपत्र दिलेलं नाही असं दिसलं तर केंद्र बंद होणार आणि आमच्या दोन खोल्या परीक्षा विभागाला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जाणार, हे सगळ्या विद्यापीठात आधीच ठरल्यासारखं बोललं जात होतं. त्याच सुमाराला शोभाताईंचंही नशीब दारात आलं. नागपूरचा एक सहलीवाला शाळांच्या सहली हिवाळाभर त्यांच्याकडे पाठवायला तयार होता. अट एकच, केंद्राचं प्रमाणपत्र भिंतीवर पाहिजे.

म्हणजे सरांची एक सही, की इकडे केंद्र वाचतं आणि तिकडे शोभाताईंचं भलं होतं. मी हे सरांना सांगितलं. ते ऐकून घेऊन दोर तपासायला निघून गेले. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पंप बंद व्हायची वाट बघितली आणि मग पुढचा दोर तपासायला घेतला. मी चिडले की माझी छापील भाषा गळून पडते.

"सर, काहून असं करून राह्यले तुमी? एक सही करा ना! केंद्र बंद पडलं तं काय करसान?"

सरांनी हातातला दोर गुंडाळून ठेवला. "सही केली का काम संपते मॅडम."

याला मी त्या वेळी निव्वळ हट्ट समजले. वऱ्हाडी माणूस एकदा अडून बसला की बैल बरा, असं दिगांबरला म्हणालेही.

समिती यायच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं जीपने निघालो. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, जमिनीवर झोपायचं ठाऊक असूनही. माझ्या पर्समध्ये प्रमाणपत्र होतं. त्यातल्या त्यात कसर कमी लागलेलं निवडून घेतलं होतं, तरी सोनेरी काठाला एका कोपऱ्यात भोक होतंच.

मळा नुसता लगडला होता. सर तंबूत शिरले आणि आडवे झाले. मी बाहेर उभी. इतका वेळ ते कधी पडून राहिले नव्हते. शेवटी नामदेवरावांनी वाकून बघितलं की डोळा लागला की काय. डोळे उघडेच होते. मग सर उठले, विहीर बघितली, माठ बघितला, संडासाकडे गेले आणि परत आले.

"सारं बेस हाय," म्हणाले. "पन एक राह्यलं."

कडीचा स्क्रू. मला इतका संताप आला की काय सांगू. म्हटलं, आज हा स्क्रू मी माझ्या हाताने बसवते, मग बघते कसे नापास करतात. तडक स्वयंपाकघरात गेले. शोभाताई रोडग्यांची कणीक तिंबत होत्या. "ताई, पेचकस आहे का घरात? आणि एखादा स्क्रू?"

त्यांचं लक्ष कणकेत. सवयीने हात लांब केला, मिसळणाचा डबा उघडला, मोहरीच्या वाटीत बोट घातलं आणि स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. मोहरीचे दाणे चिकटलेले. ठेवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मी स्क्रूकडे बघतेय आणि त्या माझ्याकडे.

"मीच काढतो जी मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "दर खेपेले."

"पण कशाला?"

"पास झालो तं थे कायले येतीन आमच्या इकडं?" त्यांनी पिठाचा हात पदराला पुसला. "घरी कोनी नाही त्यायले. बाई जाऊन जमाना झाला. थ्या अकोल्याच्या घरात एकटेच रायतेत."

"असं कसं? ते तर प्रत्येक गोष्टीला म्हणतात, घरी विचारून सांगतो."

"कोनाले इचारतीन मॅडम? भितीले?" शोभाताईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आमी किती खेपा म्हटलं, सर, असेच या. दिवाळीले या, बिनकामाचे या. तं म्हनतेत, आमच्या बुढ्यानं शिकवलं, कामाबिगर कोनाच्या उंबरठ्यावर बसाचं नाही. बुढ्याचा काळ तसा होता, त्यायच्या मानसाले कोनी घरात घेत नव्हते, म्हून थो तसा शिकवून गेला. आता ह्यायले कसं समजावू? मंग म्या काम काढलं."

"आणि ताई, सहली?"

"येतीन नाही तं नाही येतीन. संत्रा हाय ना आमचा."

मी तो स्क्रू मुठीत धरून उभी राहिले. बसवला तर केंद्र वाचतं, यांच्या सहली येतात आणि त्या माणसाची दिवाळी जाते. नाही बसवला तर केंद्रच जातं, मग तपासणी कुठली आणि दिवाळी कुठली. कॉमर्स शिकून मला याचं उत्तर सापडेना. एवढी वर्षं एका खोलीत बसून मी या माणसाला साधं एकदा विचारलं नव्हतं, की सर, घरी कोण कोण असतं?

"ताई, द्या थो स्क्रू इकडं."

सर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. उंबरठ्याच्या बाहेर. कुणाकडेच न बघता त्यांनी हात पुढे केला होता.

"मॅडमपाशी असन तं मॅडम, तुमी द्या. मोहरीतलाच द्या. दुसरा बसत नाही त्या कडीले."

शोभाताईंना रडू फुटलं. "राहू द्या ना जी सर!"

"नाही ताई. सहली येऊन राह्यल्या तुमच्या. बिनकडीच्या संडासात पोरी कशा जातीन?"

त्यांनी स्वतःच्या चाकूच्या टोकाने स्क्रू पिळला. कडी दोनतीनदा लावून बघितली, काढून बघितली. मग परत तंबूत जाऊन आडवे झाले. आम्ही सगळे बाहेर उभे. बऱ्याच वेळाने उठले, शर्टाची माती झटकली.

"सारं बेस हाय," म्हणाले.

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. ते आलं नाही.

सही करताना त्यांनी पेन दोनदा झटकलं. प्रमाणपत्र शोभाताईंनी हातात घेतलं नाही, नामदेवरावांनी घेतलं, आणि घेताना ते "बरं बरं" म्हणाले. काम झालं होतं, म्हणून सर पंगतीला बसले. एक रोडगा खाल्ला आणि पोट भरलं म्हणाले. दिगांबरने त्यांच्या ताटातला दुसरा उचलला, एरवी मी त्याला बोलले असते.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये संत्र्यांचा वास कोंडला होता. मोर्शीच्या अलीकडे सर आपण होऊन म्हणाले, "पयल्या खेपेपासून मालूम होतं मॅडम. कडी नवी होती. नव्या कडीचा स्क्रू आपोआप निघत नसते." मग अमरावतीपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

समिती आली. आम्ही टेबलावर नवीन कापड घातलं होतं. अध्यक्षांनी प्रमाणपत्राची झेरॉक्स उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "इतक्या वर्षांत एकच?" सर म्हणाले, "हो जी. पन पक्कं हाय." दुसऱ्या एका सभासदाला कोपऱ्यातल्या भोकाचं कुतूहल होतं. चहा पिऊन ते गेले आणि महिन्याभरात केंद्र बंद झाल्याचा आदेश आला. आमच्या खोल्यांत आता उत्तरपत्रिका आहेत. पाटी काढायला कुणी आलंच नाही, त्यामुळे ती अजून तिथे आहे, खालच्या ओळीत एकटं 'केंद्र' घेऊन. मला परत कॉमर्सला पाठवलं, दिगांबरला परीक्षा विभागात. सरांची नोकरी तशीही संपतच आली होती. ते अकोल्याला गेले ते गेलेच.

दिवाळीच्या तोंडावर शोभाताईंचा फोन आला. "मॅडम, सरायले सांगसान का? कडी निघाली म्हना."

"पुन्हा?"

"सारे स्क्रू निघाले म्हना. सारेच. माठाचं झाकनही हरपलं. विहिरीची जाळीही निघन दोनचार दिसात." मग आवाज बदलला. "म्या फोन केला होता त्यायले. आता मले अधिकार नाही ताई, म्हने, आन् ठेवून देल्ला."

माझी बहीण अकोल्याला असते. भाऊबीज आटोपून मी सरांचं घर शोधत गेले, शोभाताईंनी एसटीने पाठवलेली संत्री घेऊन. घर लहानसं, स्वच्छ. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी सरांच्या बाईंचा फोटो. हॉलमध्ये दोन खुर्च्या. एकीवर सर बसलेले, ताठ, दाराकडे तोंड करून. दुसरीवर वर्तमानपत्रांची चळत. त्यांनी ती चळत माझ्यासाठी उचलली आणि कुठे ठेवावी ते न सुचून हातातच धरून बसले.

मी थट्टेने म्हटलं, "काय सर, स्वतःच्या घरात आडवे नाही होत?"

"नाही मॅडम." ते हसले. "इथं झोपलं का जागा खरं बोलते."

मी निरोप सांगितला. कडी, झाकण, जाळी, सगळं सांगितलं. "सारेच काढले?" त्यांनी विचारलं आणि त्यांना इतकं हसू आलं की वर्तमानपत्रं मांडीवरून घसरली. मग ती गोळा करायला वाकले ते बराच वेळ वाकूनच राहिले.

"जा ना सर," मी म्हटलं.

"काय म्हून जाऊ? केंद्र नाही, सही नाही."

"त्यांनी तुम्हाला कामासाठी कधी बोलावलंच नव्हतं."

"मालूम हाय ना. थेच तं भेव वाटते." त्यांनी वर बघितलं. "काम असलं का उठून येता येते मॅडम. काम झालं, उठलो, आलो. बिनकामाचा गेलो, आन् मंग उठूनच यावं वाटलं नाही तं?"

मी संत्र्यांची पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली. बाहेर कुणाची तरी पोरं उरलेले फटाके वाजवत होती. निघताना दारात चपला घालता घालता विचारलं, "मग शोभाताईंना काय सांगू?"

"घरी विचारून सांगतो," सर म्हणाले.

तोंडातून गेलं ते त्यांच्या. आम्ही दोघांनी एकदमच मागे त्या दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मी येते म्हणाले आणि जिना उतरले.

हिवाळ्यात शोभाताईंकडे सहली सुरू झाल्या. प्रमाणपत्र भिंतीवर आहे, काच लावून. माठाला झाकण आलं, जाळी तर निघालीच नव्हती. कडी मात्र नाही. पोरी आत जाताना दाराला पाण्याची बादली लावतात आणि आत कोणी आहे हे कळावं म्हणून मोठमोठ्याने गाणी म्हणतात. मागच्या आठवड्यात मी फोनवर शोभाताईंना रागावले. म्हटलं, "ताई, एक स्क्रू तर लावायचा आहे, लावून टाका ना आता."

मागे कुणी पोरगी बेसूर आवाजात गात होती. शोभाताई म्हणाल्या, "सर येऊन नापास करतीन, मंगच लावतो."